स्पोर्ट्‌स कारच्या सीटवर कंबर सुखी कशी ठेवावी

स्पोर्ट्‌स कारमध्ये आपण जमिनीच्या अगदी जवळ, पाय जवळजवळ समोर पसरून बसतो. त्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, ते बैठकीची हाडे पुढे ओढतात, ओटीपोटाचा सांगाडा मागे कलंडतो आणि कमरेच्या पाच मणक्यांचा आत वळलेला नैसर्गिक बाक सपाट होतो. तासाभराने जी कंबर भरून येते, तिचे कारण बहुतेक वेळा सीटचा कडकपणा नसून हा सपाट झालेला बाक असतो. म्हणून बाजारातून जाड उशी आणण्याची घाई करू नये; आधी बसण्याची मांडणी सुधारावी आणि मग उरलेली पोकळी मोजून भरावी, हाच क्रम योग्य आहे.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५ ही गाडी घेऊ. ती भारतात विकली जात नाही, परंतु ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ती मुबलक दिसते, आणि २०१५ पासून विकल्या जाणाऱ्या तिच्या चौथ्या पिढीत ही अडचण स्पष्ट जाणवते. केबिन लहान असल्यामुळे सीटची पाठ पातळ आहे आणि नेहमीच्या सीटमध्ये कमरेचा आधार कमीजास्त करण्याची सोय नाही. २०१९ च्या मॉडेलपासून स्टिअरिंग पुढे-मागे सरकू लागले. त्यापूर्वीच्या गाडीत स्टिअरिंगपर्यंत हात पोहोचावा म्हणून चालक सीटवर पुढे सरकतो किंवा खांदे पुढे झुकवतो, आणि पाठीचा आधार तेथेच सुटतो.

प्रथम पँटच्या मागच्या खिशातले पाकीट आणि फोन काढून ठेवावा, कारण एक कुल्ला उंच राहिला की कंबर एका बाजूला वाकते. मग हाताने स्वतःला किंचित उचलून कुल्ले सीटच्या पाठीला पूर्ण भिडतील असे मागे बसावे. क्लच पूर्ण दाबल्यावर, आणि ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक जोराने दाबल्यावर, गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तो सरळ होत असेल तर सीट पुढे घ्यावी. पाठ बैठकीशी साधारण १०० ते ११० अंशांचा कोन करील इतकी कलती ठेवावी. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचले, तर अंतर बरोबर आहे. विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात स्वीडनमध्ये अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मणक्यांमधील चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला होता. पाठ मागे कललेली असली आणि कमरेला आधार असला की तो दाब उतरतो, असे त्यांना आढळले. मात्र पाठ फार मागे नेली तर मान पुढे काढावी लागते आणि हात लांबतात, म्हणून या मर्यादेतच राहणे शहाणपणाचे.

मांड्यांच्या आधाराकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते निम्मा गुण तेथेच आहे. बैठकीची पुढची कड खाली असेल तर शरीर हळूहळू पुढे घसरते आणि कमरेखालचा आधार नाहीसा होतो. पुढची कड उचलण्याची सोय असल्यास ती वापरावी. गुडघ्यामागे दोन-तीन बोटे शिरतील इतकी जागा मोकळी राहू द्यावी. एमएक्स-५ चे अनेक मालक सीटच्या पुढच्या बोल्टखाली वॉशर घालून हा कोन साधतात. हे करायचे असेल तर त्याच दर्जाचे, आवश्यक तितके लांब बोल्ट वापरून आणि ठरलेल्या ताकदीने आवळून जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण अपघातात हेच बोल्ट सीटला आणि तिच्यावर बसलेल्या माणसाला धरून ठेवतात. एकसंध सांगाड्याच्या रेसिंग सीटला पाठ कलती करण्याची सोय नसते. तेथे बाजूच्या पट्ट्यांवरील वेगळी भोके निवडून संपूर्ण सीटचा कोन बदलता येतो.

एवढे झाल्यावर कमरेचा आधार घ्यावा. दोन्ही हात कमरेवर ठेवून खुब्याच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपाव्यात. त्या जोडणारी रेषा साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. एक पातळ टॉवेल घडी करून, दाबल्यावर दीड ते दोन सेंटीमीटर उरेल इतक्या जाडीचा, या रेषेवर आडवा ठेवावा. तळहात त्याच्या आणि पाठीच्या मधून थोड्या जोराने सरकला पाहिजे. सहज सरकला तर एक घडी वाढवावी, अडकला तर एक कमी करावी. अर्धा तास गाडी चालवून पाहावे: फासळ्यांखाली टोचत असेल तर टॉवेल खाली न्यावा, कुल्ले पुढे ढकलले जात असतील तर थोडा वर घ्यावा. जाड उशी येथे घातक ठरते, कारण ती शरीराला सीटच्या बाजूच्या उंचवट्यांमधून बाहेर काढते आणि वळणावर तोल सांभाळण्याचे काम पुन्हा कमरेच्या स्नायूंवर येते.

जागा आणि जाडी पक्की झाली की त्याच मापाचा मध्यम कडक फोम कापावा, त्याच्या कडा तासून उतरत्या कराव्यात आणि तो कव्हर व मूळ फोम यांच्यामध्ये सरकवावा. कव्हर काढावे लागणार असेल तर आधी खात्री करून घ्यावी की सीटमध्ये बाजूची एअरबॅग आहे का. असेल तर तिच्या वायरींना स्वतः हात लावू नये आणि त्या बाजूच्या शिवणीवर काहीही चढवू नये. गरम होणाऱ्या सीटची जाळीही दुमडता कामा नये.

बसण्याची मांडणी कितीही साधली तरी कडक स्प्रिंगमधून येणारे हादरे उरतातच, म्हणून टायरमधला दाब टायर थंड असताना तपासून दाराच्या चौकटीवर लिहिल्याइतकाच ठेवावा. दर तासा-दीड तासाने थांबून दोन-चार मिनिटे चालावे. उतरताना एक पाय बाहेर टाकून कंबर पिळू नये. दोन्ही पाय एकत्र बाहेर वळवावेत, चौकटीला हाताने धरावे आणि मांड्यांच्या जोरावर उभे राहावे. बराच वेळ बसल्यानंतर कमरेचे बंध सैलावलेले असतात, त्यामुळे डिकीतली जड बॅग उचलण्यापूर्वी थोडे चालून घ्यावे.

दुखणे गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना बळ कमी वाटत असेल, तर सीटची मांडणी बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.