पैसा कुणाचा, किती वर्षांचा: इम्पॅक्ट फंडात काम करू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. ॲग्री झालेली मुलं हल्ली मला विचारतात, ‘ताई, इम्पॅक्ट फंडात नोकरी कशी मिळते?’ इम्पॅक्ट फंड म्हणजे परताव्याबरोबर लोकांचंही भलं व्हावं या हेतूने कंपन्यांत पैसा घालणारा फंड. आपल्याकडे बारावीनंतरची मेडिकल-इंजिनिअरिंगची वाट सगळ्यांना तोंडपाठ असते. मोठ्या पैशाच्या जगात शिरायचं कसं, हे सांगणारं गावात सहसा कुणी भेटत नाही. मी औसा तालुक्यातली. शेतीशी जोडलेल्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या एका फंडात काम करते. कामातून जे कळलं ते लिहिते.

आधी एक सवय लावून घ्या. कुठल्याही फंडाचं नाव ऐकलं की त्यात पैसा कुणाचा आहे आणि त्या मालकाला तो कधी परत द्यायचा आहे, हे शोधा. बाकी सगळं त्यावरून ठरतं. साखर कारखान्यातल्या कामगाराचा पीएफ ईपीएफओकडे जमा होतो. ती संस्था बहुतेक रक्कम सरकारी रोख्यांत आणि कर्जरोख्यांत ठेवते; २०१५ पासून थोडा भाग ईटीएफमार्फत, म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या योजनांतून, शेअर बाजारात जातो. कामगाराने लग्नाकार्याला किंवा आजारपणाला पैसे मागितले तर द्यावेच लागतात, म्हणून हात आखडता असतो. कॅनडाच्या सीपीपी या पेन्शन फंडाला आज जमा झालेल्या पैशातून कित्येक दशकांनी पेन्शन द्यायची असते. त्यामुळे तो दहा-बारा वर्षं अडकणारी गुंतवणूक करू शकतो. परदेशातल्या विद्यापीठांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या निधीला तर शेवटची तारीखच नसते. डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा निधी हातात घेतला आणि हळूहळू मोठा हिस्सा शेअर-रोख्यांतून काढून खासगी बाजारात, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या कंपन्या वगैरेंत, नेला. पुढे जगभरातल्या संस्थांनी ती पद्धत उचलली. मात्र येलला दरवर्षी किती खर्चायचं हे आधी माहीत असतं आणि घाईने मूळ रक्कम मागणारं कुणी नसतं, ही बाजू लक्षात न घेता तिचं अनुकरण करणाऱ्याला ती जड जाते.

आपल्याकडच्या कामात सर्वात जास्त संबंध येतो तो विकास वित्त संस्थांशी: जागतिक बँक समूहातली आयएफसी, नेदरलँड्सची एफएमओ, फ्रान्सची प्रोपार्को, ब्रिटनची ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट. ही शेवटची संस्था १९४८ पासूनची आहे, २०२२ पर्यंत तिचं नाव सीडीसी होतं. यांच्यामागे सरकारांचा पैसा असल्याने धीर जास्त असतो, पण अटीही जास्त असतात. कामगारांची सुरक्षितता, बालमजुरी, सांडपाणी, जमीन कुणाकडून कशी घेतली, हे सगळं त्या तपासतात. देशात सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेचा स्टार्टअपसाठीचा फंड ऑफ फंड्स २०१६ पासून आहे, १०,००० कोटींचा. तो कंपन्यांत थेट पैसा घालत नाही, फंडांना देतो.

आता फंडाची यंत्रणा. भारतात असे फंड शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमांखाली चालतात. गुंतवणूकदाराला सर्वसाधारणपणे किमान १ कोटी घालावे लागतात, त्यामुळे हे क्षेत्र संस्थांचं आणि श्रीमंत घराण्यांचंच आहे. पैसे देणारा एलपी, फंड चालवणारा जीपी. समजा १०० कोटींचा फंड उभा राहिला. ते १०० कोटी पहिल्या दिवशी बँकेत येत नाहीत. एलपींनी फक्त शब्द दिलेला असतो. जीपीला कंपनी सापडली की तो कॅपिटल कॉल पाठवतो आणि तेवढीच रक्कम येते. फी मात्र पहिल्या वर्षापासून सुरू होते, बहुधा २ टक्क्यांच्या आसपास. म्हणून पहिली तीन-चार वर्षं फंडाचा परतावा उणे दिसतो आणि कंपन्यांतले हिस्से विकले जाऊ लागले की वर चढतो. नव्या मुलांना हा उणे आकडा पाहून फंड बुडतोय असं वाटतं. तो फंडाच्या कितव्या वर्षातला आहे, हे पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

परदेशी एलपीचं आणखी एक गणित असतं. २०१४ मध्ये डॉलर ६०-६२ रुपयांच्या घरात होता, २०२४ संपताना ८५ च्या. म्हणजे रुपया दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी उतरला. रुपयांत १५ टक्के कमावणारा फंड त्या एलपीच्या डॉलरमधल्या वहीत १२ टक्क्यांजवळ येतो. शेतीतल्या धंद्यात १५ टक्के काढणं किती कठीण असतं, हे तुम्हाला घरी विचारलं तरी कळेल.

आणि इथेच मराठवाड्याचा खरा प्रश्न सुरू होतो. आपल्याकडे सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगावी आहेत. कायद्यात ही कंपनी २००२ च्या दुरुस्तीने आली. तिचे भागधारक फक्त उत्पादक किंवा त्यांच्या संस्थाच होऊ शकतात, तिचा शेअर बाजारात विकता येत नाही. फंडाला हिस्सा घेऊन सात वर्षांनी तो विकायचा असतो. इथे घेताच येत नाही. एका गोदामात मी हे समजावत होते, तर कंपनीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणाले, ‘कंपनी शेतकऱ्याची हाय ताई, बाहेरचा मालक चालणार नाही. कर्ज द्या, पर परत कवा द्यायचं ते आधी सांगा.’ आप्पांनी न्यूयॉर्कमधल्या पेन्शन फंडाने विचारला असता तोच प्रश्न विचारला होता.

यातून निघायची एक वाट नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने दाखवली. मूळ शेतकरी कंपनी तशीच ठेवून प्रक्रियेसाठी वेगळी उपकंपनी काढली, आणि २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को यांनी त्या उपकंपनीत ३१० कोटी रुपये घातले. पण द्राक्ष निर्यातीचा तो आवाका आपल्या सोयाबीन कंपन्यांकडे नाही. त्यांना हवे असतात पन्नास-साठ लाख, तेही ऑक्टोबर ते डिसेंबर माल घ्यायला. हजारो कोटी सांभाळणारी संस्था एवढा छोटा व्यवहार तपासूच शकत नाही, कारण तपासणीचा खर्च ५० लाखांना आणि ५० कोटींना जवळजवळ सारखाच. म्हणून पैसा मोठ्या संस्थेकडून फंडाकडे, फंडाकडून बिगर-बँक वित्त कंपनीकडे आणि तिथून गोदामापर्यंत येतो. प्रत्येक टप्प्यावर खर्च चढतो. वर हप्ते दरमहा सारखे ठेवले तर सोयाबीनच्या कंपनीची जूनमध्येच दमछाक होते, कारण तेव्हा तिच्याकडे विकायला काही नसतं. हंगामाप्रमाणे हप्ते बांधून द्या, असं बैठकीत ठामपणे सांगणारं माणूस लागतं. ते आपल्या भागातलंच असू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

इम्पॅक्ट मोजण्याचं काम सगळ्यात जास्त हलगर्जीपणाने केलं जातं, आणि त्याचा मला राग येतो. ‘आम्ही ५,००० शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा रजिस्टरमधल्या सह्यांचा असतो. इम्पॅक्ट गुंतवणूक हा शब्द २००७ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या बेलाजिओ इथल्या बैठकीतून पुढे आला आणि त्यात हेतू व मोजमाप या दोन्ही अटी आहेत. मोजायचं म्हणजे काय? सभासदाच्या हातातली माल विकल्याची पट्टी मागा. समजा त्या दिवशी लातूरच्या बाजारात भाव ४,४०० होता आणि कंपनीने ४,४५० दिला. क्विंटलला ५० रुपयांचा फायदा लिहून मोकळं होऊ नका. बाजारात ओलावा किती धरला, कंपनीने किती? मातेऱ्यापोटी किती कापलं? हमाली-तोलाई कुणी भरली? बाजारापर्यंतचं टेम्पोभाडं किती वाचलं? आणि पैसे कधी मिळाले? बाजारात त्याच दिवशी रोख आणि कंपनीत दहा दिवसांनी, असं असेल तर कृषी सेवा केंद्राची उधारी डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला ते ५० रुपये परवडत नाहीत. तो मुकाट बाजारात जातो. उलट भाव सारखाच, पण काटा चोख आणि माल गावातच घेतला, तर तोही खरा फायदा आहे आणि तो अहवालात यायला हवा. ही पट्टी कर्ज देण्याआधीच्या हंगामातलीही घ्या. नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

मोजमाप सोडून नुसती वाढ पाहिली की काय होतं, ते शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात घडलं आहे. ऑगस्ट २०१० मध्ये गरीब बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या एसकेएस मायक्रोफायनान्सचा शेअर बाजारात आला. ऑक्टोबरमध्ये, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर, राज्य सरकारने वसुलीवर बंधनं घालणारा अध्यादेश काढला आणि तिथली वसुली जवळजवळ थांबली. पुढे रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीच्या शिफारशींवरून मायक्रोफायनान्सचे नवे नियम आले. एका बाईच्या नावावर किती कंपन्यांचं कर्ज आहे, हे मोजलं गेलं असतं तर धोका आधी दिसला असता. आपल्याकडे बचत गटात बसलेल्या मावशींना विचारा, हा प्रश्न आजही जिवंत आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर सीए, एमबीए किंवा सीएफए यापैकी काहीही चालतं; एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची एआयएफवरची परीक्षा स्वस्तात होते, ती द्या. एक्सेल घोटवून घ्या. इंग्रजी लिहिण्याची भीती सरावाने जाते. फुकट वाचायला खूप आहे. सेबी दर तिमाहीला एआयएफचे आकडे काढते. त्यात गुंतवणूकदारांनी किती शब्द दिला, प्रत्यक्ष किती आला आणि किती गुंतवला, हे वेगवेगळं दिसतं. आयएफसी आपल्या प्रकल्पांचे पर्यावरण आणि सामाजिक आढावे वेबसाइटवर टाकते. शेतीप्रक्रियेतले तेवढे निवडून वाचा, अधिकारी काय पाहतात ते कळेल.

मग आपल्या तालुक्यातली एक उत्पादक कंपनी निवडा. अध्यक्षांना भेटून ताळेबंद मागा. पाच-सात सभासदांच्या पट्ट्या पाहा. दोन पानांचं टिपण लिहा: कंपनीला किती पैसा लागतो, कुठल्या महिन्यात, परत कशातून करणार, आणि सभासदाला बाजारापेक्षा नेमकं काय जास्त मिळतं. नोकरीच्या अर्जासोबत हे टिपण जोडा. मुलाखती घेताना मी तरी आधी तेच वाचते.