लिनक्सवर चालणारा कोड विंडोजवर परमिशनपाशी अडतो तेव्हा

परमिशनची एरर आली की 'चमॉड ७७७ करून टाक' (चमॉड ही फाइलचे हक्क बदलणारी आज्ञा, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क) हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. लिनक्स आणि मॅकवर त्याने फाइल प्रत्येक युजरला खुली होते. विंडोजवर पायथनचं चमॉड फक्त रीड-ओन्ली खूण लावतं किंवा काढतं, बाकीचे आकडे बघतही नाही. तिथले खरे हक्क एसीएलमध्ये, म्हणजे कुणाला काय करता येईल याच्या यादीत असतात.

१. एक्झिक्यूट बिट (लिनक्स-मॅकवर फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येते ही खूण): विंडोजवरून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) स्क्रिप्ट कमिट करताना, म्हणजे नोंदवताना, 'गिट अपडेट-इंडेक्स'ला 'चमॉड=+एक्स' हा पर्याय द्या. विषय संपला.

२. पासवर्डची फाइल: लिनक्स-मॅकवर तयार करतानाच ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असे हक्क) द्या. आधी लिहून मग चमॉड केलंत, तर मधल्या क्षणात कुणीही ती वाचू शकतं. विंडोजवर ती युजरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये ठेवा.

३. फोल्डर उडवणं: खरी डोकेदुखी इथे आहे, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. लिनक्सवर फाइल पुसताना ती ज्या फोल्डरात आहे त्याची परवानगी तपासली जाते; फाइल स्वतः रीड-ओन्ली असली तरी बिघडत नाही. विंडोज मात्र रीड-ओन्ली फाइल पुसायला नकार देतं. गिट आपल्या ऑब्जेक्ट फाइली (त्याचा अंतर्गत साठा) रीड-ओन्लीच ठेवतं, म्हणून क्लोन केलेला (गिटने उतरवून घेतलेला) फोल्डर 'आरएमट्री'ने (अख्खा फोल्डर पुसणारं पायथनचं फंक्शन) लिनक्सवर मुकाट जातो आणि विंडोजवर अडून बसतो.

उपाय असा: 'आरएमट्री'ला एरर हँडलर, म्हणजे एरर आल्यावर चालणारं फंक्शन द्या (पायथन ३.१२ पासून 'ऑनएक्ससी', त्याआधी 'ऑनएरर'). हँडलरमध्ये रीड-ओन्ली खूण काढा आणि तीच क्रिया पुन्हा करा. 'इग्नोर एरर्स' चालू करून सुटका करून घेऊ नका. फोल्डर अर्धवट उरतो आणि पुढचा क्लोन भलत्याच ठिकाणी फुटतो.

तरीही एरर आली तर आधी विंडोजचा एरर क्रमांक बघा. पायथन दोन वेगळ्या दुखण्यांना 'परमिशन एरर' हे एकच नाव देतं. ५ म्हणजे प्रवेश नाकारला. ३२ म्हणजे फाइल कुणीतरी उघडी धरून ठेवली आहे, आणि बहुतेक वेळा तो 'कुणीतरी' तुमचाच प्रोग्रॅम असतो. लिनक्स उघडी फाइलही पुसू देतं, त्यामुळे हा दोष तिथे कधी दिसत नाही. ३२ वर चमॉडचा काडीचा उपयोग नाही. फाइल बंद करा.

४. टेस्ट: कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायची वेगळी, बंदिस्त जागा) टेस्ट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवू नका. रूटला परमिशन सहसा अडवतच नाहीत, त्यामुळे 'लिहिता येऊ नये' ही टेस्ट तिथे निरर्थक ठरते.