परदेशातील कौटुंबिक रेल्वेप्रवास: पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत?

स्वतः आखणी करून युरोपला किंवा जपानला जाणारी मराठी कुटुंबे आता बडोद्यातही बरीच दिसतात. विमानाची तिकिटे हाती आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेल्वेचा कोणता पास, म्हणजे ठरावीक दिवस हव्या त्या गाड्यांत चालणारे एकत्रित तिकीट, घ्यायचा? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी प्रवासाचे दिवस, मग घरातील प्रत्येकाचे वय, मग सुट्या तिकिटांची बेरीज, आणि त्यानंतरच पास, असा क्रम ठेवला तर बहुतेक वेळा उत्तर आपोआप समोर येते.

आपल्या सवयीमुळे हा क्रम उलटा होतो. राजधानी-शताब्दीसारख्या काही गाड्या वगळल्या तर आपल्याकडे भाडे अंतर आणि वर्ग यांवरून ठरते. बडोदा–पुणे तिकीट साठ दिवस आधी काढले काय किंवा आदल्या आठवड्यात काढले काय, रक्कम तीच राहते आणि सगळी काळजी बर्थ मिळण्याची असते. फ्रान्स, इटली आणि जर्मनी येथील जलद गाड्यांत जागा बहुधा मिळते, परंतु भाडे विमानाच्या तिकिटासारखे चढत जाते. लवकर काढलेले तिकीट आणि आयत्या वेळचे तिकीट यांत दुपटी-तिपटीचाही फरक पडू शकतो. त्यामुळे पास स्वस्त की महाग हे तुम्ही तिकिटे केव्हा काढणार आहात यावरही अवलंबून असते.

एका कागदावर प्रत्येक प्रवासाची एक ओळ लिहावी. तीत तारीख, कोठून कोठे, गाडीचा प्रकार, त्या देशाच्या रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसणारे भाडे आणि आरक्षण सक्तीचे आहे की नाही, एवढे असावे. पुढे घरातील प्रत्येकासाठी वेगळा रकाना हवा, कारण वयाची मर्यादा देशागणिक बदलते. आपल्याकडे पाच वर्षांखालील मूल फुकट आणि बारा वर्षे पूर्ण झाली की पूर्ण भाडे, हे डोक्यात पक्के बसलेले असते. जर्मनीत मात्र सहा ते चौदा वर्षांची मुले दूरच्या गाड्यांतही मोठ्या माणसांबरोबर विनामूल्य जातात. अट एवढीच की तिकीट काढतानाच त्यांची नोंद केलेली असावी. स्वित्झर्लंडमध्ये ही मर्यादा सोळाव्या वाढदिवसापर्यंत आहे. जपानमध्ये सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते, तर त्याहून लहान मूल वेगळे आसन न घेता पालकांबरोबर फुकट जाते. म्हणून तेरा वर्षांचा मुलगा एका देशात पूर्ण प्रवासी ठरतो आणि शेजारच्या देशात त्याचे तिकीटच लागत नाही.

युरेल ग्लोबल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असून तो ३३ देशांत चालतो. एक किंवा दोन महिन्यांच्या मुदतीत चार, पाच, सात, दहा किंवा पंधरा दिवस निवडून वापरायचा प्रकार कुटुंबाला सोयीचा पडतो, कारण ज्या दिवशी गावातच फिरायचे आहे तो दिवस वाया जात नाही. बारा ते सत्तावीस या वयोगटाला आणि साठीच्या पुढच्यांना सवलत आहे, आणि एका प्रौढ पासावर चार ते अकरा वर्षांच्या दोन मुलांचे पास विनामूल्य मिळतात. मुलांचे हे पास आठवणीने वेगळे घ्यावे लागतात, आणि ती ज्या मोठ्या माणसाबरोबर प्रवास करणार त्याच्याच फोनवरील युरेल ॲपमध्ये ते असावे लागतात.

ही सवलत पाहून हुरळून जाण्याआधी आरक्षण शुल्काचा रकाना भरावा. फ्रान्सच्या टीजीव्ही, लंडनला जाणारी युरोस्टार, इटलीच्या फ्रेच्चारोसा या गाड्यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचे असते. दुसऱ्या वर्गात त्यासाठी माणशी सुमारे १० ते ३५ युरो जास्तीचे मोजावे लागतात, फुकट पास असलेल्या मुलांनाही हे शुल्क चुकत नाही, आणि फ्रान्सकडच्या काही गाड्यांत पासधारकांसाठीच्या जागाही मर्यादित असतात. इटलीतील इतालो या खाजगी कंपनीच्या गाड्यांत तर हा पास चालतच नाही. समजा आई, वडील, आजी, तेरा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी असे पाच जण पॅरिसहून स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन, तेथून मिलानमार्गे व्हेनिस आणि शेवटी रोम असे जाणार आहेत. लांबचे प्रवास तीनच, आणि तिन्हींत आरक्षण सक्तीचे. येथे आधी काढलेली सुटी तिकिटेच बहुधा परवडतील. तेच कुटुंब जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये दर दुसऱ्या दिवशी गाव बदलत फिरणार असेल, तर तेथील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणाची सक्ती नसल्यामुळे पास खऱ्या अर्थाने कामाला येतो. हवामान पाहून सकाळी बेत बदलण्याची मोकळीक मिळते, आणि लहान मुले व वृद्ध बरोबर असताना तिचे मोल पैशांत मोजता येत नाही. केवळ म्यूनिकच्या आसपास फिरायचे असेल तर बायर्न तिकीट पाहावे: म्यूनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांत ते पाच जणांपर्यंत एका दिवसासाठी चालते, कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर, आणि त्यावर सीमेपलीकडच्या, ऑस्ट्रियातील झाल्ट्सबुर्गपर्यंत जाता येते.

स्वित्झर्लंडचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. तेथील स्विस ट्रॅव्हल पास तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा असतो. त्यात आगगाड्या, बस, तळ्यांतील बोटी, शहरांतील ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालये येतात. रिगी आणि स्टान्सरहोर्न या डोंगरांवरचा प्रवासही त्यात अंतर्भूत आहे. परंतु आपली मंडळी ज्यासाठी हमखास जातात ते ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख हे रेल्वेस्थानक त्यात नाही. पास खालच्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंत चालतो आणि पुढे केवळ २५ टक्के सूट मिळते. महिनाभर चालणारे स्विस हाफ फेअर कार्ड मात्र गाड्या, बस, बोटी आणि बहुतेक पर्वतीय रेल्वे, युंगफ्राउयोखसुद्धा, निम्म्या भाड्यात देते. एकाच गावी मुक्काम ठेवून दोन-तीन मोठी शिखरे पाहायची असतील तर हे कार्ड, आणि रोज नवे गाव, बोट, संग्रहालय असा कार्यक्रम असेल तर पास, असा माझा कल आहे. दोन्हींबरोबर मुलांसाठीचे फॅमिली कार्ड मागितल्यास विनामूल्य मिळते व सहा ते पंधरा वर्षांची मुले फुकट जातात. मात्र आई किंवा वडील बरोबर असावे लागतात. नातवंडे एखाद्या दिवशी फक्त आजी-आजोबांबरोबर निघणार असतील तर हे कार्ड पुरत नाही.

बर्निना एक्सप्रेस आणि ग्लेशियर एक्सप्रेस या स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध गाड्यांना पास असला तरी वेगळे आरक्षण घ्यावे लागते. कूरहून इटलीतील तिरानोकडे जाणाऱ्या बर्निनाच्या मार्गावर, ज्याचा थुसिस ते तिरानो हा भाग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, साध्या प्रादेशिक गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही, मधल्या स्थानकावर उतरून मागच्या गाडीने पुढे जाता येते आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात. डभोईच्या नॅरोगेजने कधीकाळी प्रवास केलेल्या बडोदेकर आजोबांना मीटरगेजवरची ही सावकाश चढण फार आवडेल, आणि छायाचित्रेही काचेतील प्रतिबिंबाशिवाय येतील.

जपानला जाताना डोळे मिटून देशभराचा पास घ्यावा, हा जुना सल्ला आता टाकून द्यावा. देशभर चालणाऱ्या जपान रेल पासाचा सात दिवसांचा साधा दर १ ऑक्टोबर २०२३ पासून २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो–क्योतो एका बाजूचे भाडे सुमारे १४,००० येन पडते, म्हणजे जाऊन-येऊन २८,००० च्या आसपास. हिरोशिमापर्यंत गेले तरी सुटी तिकिटे पासाच्या आतच राहतात. शिवाय सर्वांत वेगवान नोझोमी बुलेट गाडीसाठी पासधारकांना जादा तिकीट घ्यावे लागते. एकाच भागात फिरणाऱ्यांनी तेथील प्रादेशिक पासांकडे लक्ष द्यावे. निघण्यापूर्वी घरीच टेपने बॅगा मोजाव्यात: लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज, चाके आणि मुठीसह, १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो–क्योतो मार्गावर मोठ्या सामानाची जागा जोडलेले आसनच आरक्षित करावे लागते. त्याला जादा पैसे नाहीत, पण ते आधी करावे लागते.

खरेदीची वेळ व्हिसाशी जुळवून ठेवावी. स्वस्त आगाऊ तिकिटांचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, म्हणून ती व्हिसा हाती आल्यावर काढावीत. वापर सुरू न केलेला युरेल पास मात्र, सवलतीच्या योजनेतील नसेल तर, काही रक्कम कापून परत करता येतो. लंडन कार्यक्रमात असेल तर युरोपातील बऱ्याच देशांसाठी एकच असलेला शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही, हेही तक्त्यात लिहून ठेवावे. पैसे भरण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावेत, आणि तिकिटावरील नावे पासपोर्टप्रमाणेच घालावीत.

युरेलचा प्रवासदिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्या थेट गाडीला निघण्याचा एकच दिवस लागतो, पण उतरल्यावर त्याच पासावर दुसरी गाडी धरली तर दुसरा दिवस खर्ची पडतो. म्हणून रात्रीच्या गाडीनंतरचा छोटा प्रवास सुट्या तिकिटाने करावा. प्रत्येक प्रवासाची नोंद गाडीत बसण्यापूर्वी युरेलच्या ॲपमध्ये करायची असते, आणि ती मुलांच्या पासांवरही करावी लागते.