‘साप’ म्हणायला लावण्याआधी

स्पीच थेरपिस्ट म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करून मला सहा वर्षं झाली. तुम्ही आता सुरू करताय, म्हणून हे चार शब्द. पहिल्या वर्षातली एक केस अजून खुपते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

साडेचार वर्षांचा मुलगा. ‘स’च्या जागी ‘त’. ‘साप’ला ‘ताप’, ‘सात’ला ‘तात’. मला वाटलं, सोपी केस आहे. आईला विचारलं, ऐकू नीट येतं ना? त्या म्हणाल्या, ‘मॅडम, शेजारच्या खोलीत टीव्ही लागला तरी पळत जातो.’ जन्मानंतरच्या श्रवणचाचणीचा ‘पास’चा कागदही होता. मी फाइलमध्ये ‘श्रवण सामान्य’ लिहून टाकलं आणि कामाला लागले. साडेतीन महिने, आठवड्याला दोन सेशन. साप-तापाची चित्रं, आरसा, जिभेची जागा, सगळं झालं. एका दिवशी दहापैकी सात बरोबर, पुढच्या वेळी दोन. मी ठरवून टाकलं की घरी सराव होत नाही. आईला तसं तोंडावर बोललेही.

त्याच्या दोन्ही कानांत पडद्यामागे द्रव साचलेला होता.

नोकरीत असताना ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, फाइलला लावलेलाच यायचा. कुणीतरी आधी कान तपासलेले असायचे. स्वतंत्र झाल्यावर तो ‘कुणीतरी’ नसतो, आणि नाहीये हेही कळत नाही, कारण होता तेव्हा कधी जाणवलाच नव्हता. मी नेमकी इथेच फसले, म्हणून जरा लांबण लावते.

मधल्या कानात असा द्रव साचला की पडदा मोकळा हलत नाही. अनेकदा कान दुखत नाही, वाहत नाही, अंगात ताप नसतो. ऐकणं मात्र साधारण 20 ते 30 डेसिबलनं उतरतं. कानांत बोटं घालून बसा आणि कुणाला तरी बोलायला सांगा, अंदाज येईल. दार आपटलेलं कळतं, हाक कळते, टीव्ही तर कळतोच. स्वरांत जोर असतो, ते पोचतात. ‘स’ हा बारीक फुत्कार. त्याची बरीचशी ऊर्जा 4000 हर्ट्झच्या वर आणि तीही क्षीण. म्हणजे मी ‘साप’ म्हणत होते आणि त्याच्यापर्यंत कदाचित नुसतं ‘आप’ पोचत होतं. शिवाय हे ऐकणं रोज सारखं नसतं. सर्दी झाली की खाली, सर्दी ओसरली की वर. ते सात आणि दोन आठवा. आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि मी आईला बोल लावत होते.

जन्मानंतरचा ‘पास’ हा त्या दिवसापुरता असतो. मुलाच्या पाठीमागून टाळी वाजवून बघणं ही तर स्वतःचीच फसवणूक. टिम्पॅनोमेट्रीला, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या चाचणीला, एका कानामागे मिनिटभरही लागत नाही; द्रव असेल तर आलेख बहुधा सपाट येतो, ज्याला आपण टाइप बी म्हणतो. सोबत वयाला साजेशी श्रवणचाचणी हवी, खेळ म्हणून ठोकळे टाकायला लावून घेतात ती. माझ्याकडे आता तीन महिन्यांपेक्षा जुना रिपोर्ट चालत नाही. पालक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

आणि घाबरून जाऊ नका, पालकांना तर मुळीच घाबरवू नका. बहुतेक मुलांत हा द्रव तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतो. या मुलाचा ओसरला नाही, ग्रोमेट (पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या) घालावे लागले. त्यानंतरही ‘स’ लगेच आला नाही. सवय मोडायला आणखी दोन महिने गेले. आईची माफी मी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, पुढची वेळ विचारून निघाल्या.

शॉर्टकटबद्दल मी तिखट बोलते, माफ करा. उच्चार सुधारावेत म्हणून शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ हा प्रकार विकत घेऊ नका. फुंकायला शिकवलं की मूल फुंकायला शिकतं, ‘स’ म्हणायला नाही. पालकांना ते बघायला छान वाटतं, म्हणून तर ते खपतं. मार्गदर्शकाचंही तसंच. वर्कशीटचे गठ्ठे पाठवणारे पुष्कळ भेटतील. तुमच्या सेशनचं रेकॉर्डिंग (पालकांच्या परवानगीनं केलेलं) मागून ऐकणारा, आणि मध्येच थांबवून ‘इथे मूल काय म्हणालं?’ विचारणारा एक शोधा. मला तो उशिरा मिळाला. ‘याचे कान कधी तपासले?’ हा प्रश्न त्यांचाच.

गिळण्याच्या तक्रारीही आपल्याकडे येतात. त्या केसेस घरी जाऊन एकट्यानं घेऊ नका. अन्न श्वासनलिकेत उतरूनही काही रुग्णांना ठसका येत नाही, आणि अशा वेळी तुमचा अनुभव कितीही असला तरी नुसत्या नजरेला ते दिसत नाही. व्हिडिओफ्लुओरोस्कोपीची (गिळताना एक्स-रेनं केलेल्या चित्रणाची) सोय असलेल्या टीमकडे पाठवा.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना रेफरचं पत्र लिहिताना ‘कृपया कान तपासावेत’ एवढ्यावर थांबू नका. कोणते ध्वनी चुकतात, किती आठवड्यांत किती चढउतार झाला, सर्दी कधी होती, मूल तोंडानं श्वास घेतं का, हे लिहा. माझं पहिलं पत्र दीड ओळीचं होतं आणि उत्तरही तेवढंच आलं.