‘दर दहा दिवसांनी बिल’ एवढंच लिहू नका

माझ्या हातची सगळ्यात महागात पडलेली ओळ चार शब्दांची आहे: ‘दर दहा दिवसांनी बिल’.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करायचं होतं. प्रोग्रामर पुण्यात, संस्था गावात आणि मधे मी. विचारून घेणं आणि लिहून देणं हे माझं काम. सचिवांनी सांगितलं, मी वहीत उतरवलं, पुण्याला पाठवलं. एप्रिलपासून वापर सुरू झाला. एप्रिल तीस दिवसांचा, त्यामुळे तिन्ही बिलं बिनबोभाट निघाली. मे निघाला एकतीसचा. ३१ तारखेचं दूध जूनच्या पहिल्या बिलात जाऊन बसलं आणि सकाळी सातला काउंटरवर लोक अकरा दिवसांच्या पावत्या घेऊन उभे. संस्थेत तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत धरतात, मग दिवस आठ होवोत की अकरा. प्रोग्रामरने मात्र मी लिहिलं होतं तेच केलं होतं.

सचिव म्हणाले, “मॅडम, हे काय सांगायचं असतं व्हय?”

त्यांचंही खरंच. वीस वर्षं जो माणूस तेच करतोय, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. ते काढून घेणं माझं काम होतं. सॉफ्टवेअरच्या गरजा, म्हणजे त्याने नेमकं काय करायचं ते, लिहून काढायची जी पद्धत मी तेव्हापासून पाळते ती इथे मांडते. दूध संस्थाच नको, किराणा दुकान असो की पतसंस्था, फारसा फरक पडत नाही.

सुरुवात मीटिंगने करू नका. आधी एक सकाळ नुसतं बसा. मी संकलनाच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि किटली आत आल्यापासून पावती हातात पडेपर्यंत काय काय होतं ते बघते. शक्य असेल तर संध्याकाळीही, कारण संध्याकाळी टेबलावर माणूस दुसरा असतो आणि त्याची रीतही दुसरी. निघताना कागद मागून घ्या: पावती, रजिस्टरचं पान, दरपत्रक, कपातीची यादी. त्यातही वाकडे दिवस मागा. वीज गेली होती त्या दिवशीचं पान, दिवाळीच्या आठवड्यातलं बिल, एखाद्या मयत सभासदाचं खातं. सरळ दिवस सगळेच सांगतात.

मग हेतू लिहा, एका परिच्छेदात. इथे बहुतेक जण घसरतात, कारण समोरचा हेतू सांगत नाही, वस्तू सांगतो. आमच्या चेअरमनसाहेबांना मोबाईल ॲप हवं होतं. का? शेजारच्या गावात आहे. बरं, ॲप आल्यावर काय बदलेल? हा प्रश्न दोन-तीनदा फिरवल्यावर खरी गोष्ट बाहेर आली: बिलाच्या आदल्या दोन रात्री सचिव हिशोब जुळवत बसतात, तरी वाटपाच्या दिवशी भांडणं होतात. म्हणून आम्ही लिहिलं, ‘बिल जुळवायला दोन रात्रींऐवजी दोन तास लागावेत, आणि सभासदाला आपल्या पावत्यांवरून बिल स्वतः पडताळता यावं.’ यात ॲप कुठेच नाही. ते ‘या कामात नाही’ या यादीत गेलं. ही यादी नक्की करा. तिच्यावर चेअरमनसाहेब आठवडाभर नाराज होते, पण पुढचे सहा महिने कुणी ॲपचं नाव काढलं नाही.

आता नियम. प्रत्येक नियमाला नंबर द्या, खाली खऱ्या आकड्यांचं एक उदाहरण द्या, कुणी सांगितला आणि कधी ते लिहा. उदाहरणाशिवाय नियम लिहूच नका. उदाहरण मांडायला घेतलं की प्रश्न आपोआप वर येतात. ‘फॅटप्रमाणे दर’ हे वाक्य निर्धोक दिसतं. पण यंत्र ४.२५ दाखवतंय आणि दरपत्रकात ४.२ नंतर थेट ४.३ आहे, तर दर कुठला? सकाळच्या माणसाने सांगितलं, खालचा. संध्याकाळच्या माणसाने सांगितलं, वरचा. दोघेही वर्षानुवर्षं तसंच लावत होते.

लिटर आणि किलोचंही तसंच. गावात दूध लिटरवर घेतात, पुढे संघाला टँकर जातो तो किलोवर. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १०० लिटरचे १०३ किलो. रोज ८०० लिटर संकलन असेल तर दोन आकड्यांत २४ चा फरक पडणारच. सचिव तो डोक्यात धरतात. हे न लिहिता प्रोग्रामरकडे गेलं असतं, तर अहवालात रोज २४ ‘जादा’ दिसले असते आणि संचालक मंडळाने सचिवांकडे संशयाने बघितलं असतं. वीज गेली की फॅट काय धरायची हेही विचारावं लागलं. त्यांचं उत्तर तयार होतं: त्या सभासदाची मागच्या बिलातली सरासरी. पण कुठेही लिहिलेलं नव्हतं.

काही शब्दांवर मी बंदी घातली आहे. ‘लवकर’, ‘सोपं’, ‘योग्य ती’ आणि सगळ्यात घातकी ‘नेहमीप्रमाणे’. नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे, हे विचारल्यावर खोलीत शांतता पसरते.

कपातीच्या नियमावर मात्र शांतता नव्हती. बिलातून पशुखाद्याचे पैसे जातात, उचल जाते. गाय आटली, दूध कमी झालं आणि बिल कपातीला पुरलं नाही, तर आधी काय कापायचं? चेअरमन म्हणाले उचल, पैसा संस्थेचा आहे. सचिव म्हणाले खाद्य, कारण पुढच्या गाडीचे पैसे त्यांना भरायचे असतात. एक संचालक म्हणाले, दोन्ही थोडं थोडं, आणि घरी न्यायला काहीतरी हातात द्या, माणूस रिकाम्या हाताने परत जायला नको. तास गेला, तीनदा चहा झाला. शेवटी ठरलं: आधी खाद्य, मग उचल, पण बिलाच्या निम्म्याहून जास्त कपात नाही, उरलेली पुढच्या बिलात.

गरजा कशासाठी लिहून काढायच्या असं मला कुणी विचारलं, तर मी या तासाकडे बोट दाखवते. लोकांना वाटतं हा कागद प्रोग्रामरसाठी असतो. त्याला तो लागतोच. पण कागद नसता तर हाच निर्णय पुण्यातल्या एका पोराने दुपारच्या जेवणाआधी दोन मिनिटांत घेतला असता, त्याला आपण काही ठरवतोय हे कळलंही नसतं, आणि भांडण झालंच असतं, फक्त काउंटरवर, बायाबापड्यांसमोर. कागदामुळे ते बंद खोलीत, ज्यांनी भांडायला पाहिजे त्यांच्यातच झालं.

भाषा सही करणाऱ्याची ठेवा. पुण्याच्या नोकरीत मी साठ-साठ पानांचे इंग्रजी बीआरडी, म्हणजे गरजांचे दस्तऐवज, लिहिले आहेत. सह्या झाल्या, वाचले कुणी नाहीत. इथे अकरा पानं मराठीत आहेत, आणि ती मी पाठवत नाही, मीटिंगमध्ये मोठ्याने वाचते. वेळ लागतो. पण वाचताना ‘थांबा थांबा’ जिथे जिथे येतं, तिथे तिथे काम वाचतं.

नंतर बदल येणारच. जुना नियम खोडू नका. त्याच्याखाली तारीख घालून नवा लिहा, का बदलला तेही एका ओळीत. बदलामुळे किती दिवस आणि किती पैसे वाढतील हे त्याच दिवशी सांगून टाका. महिन्याने सांगितलं की ते आकडे कुणालाच पटत नाहीत.

दुरुस्त केलेला कागद मी जूनमध्ये वाचून दाखवला. बिलाचा नियम आता असा होता: ‘१ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर, तिसऱ्या बिलाचे दिवस महिन्याप्रमाणे १०, ११ किंवा फेब्रुवारीत ८.’ सचिवांनी माझ्या हातातून कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि समासात लिहिलं, ‘लीप वर्षात ९.’ मग खाली सही केली.