घोड्याची ढास आणि गंजीतला कडबा

परतीचा पाऊस ओसरला, दिवाळी झाली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात घोडेवाल्यांची लगबग सुरू होते. अकलूजचा घोडेबाजार भरतो, तुळशीचं लग्न लागलं की वरातीच्या सुपाऱ्या येऊ लागतात. नेमकी याच दिवसांत खोकणारी घोडी जास्त दिसतात. मालक म्हणतात, थंडी बाधली. पण अशा घोड्याला औषध पाजण्याआधी त्याच्यापुढची वैरण एकदा हातात घेऊन बघा.

शाळूचा कडबा माघ-फाल्गुनात निघतो. त्याची गंज लागते आणि ती पावसाळाभर उघड्यावर उभी असते. वरून पाऊस झिरपतो, तळाला जमिनीची ओल चढते. आता गंज फोडली की मधल्या पेंढ्या पिवळ्या, खुळखुळीत निघतात. तळाची पेंढी मात्र उचलतानाच जड लागते, बुडख्याशी काळी पडलेली असते. झटकली की पांढुरकी भुकटी उडते आणि कुबट वास नाकात बसतो. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, तो फक्त नाकानेच घेतो. खाताना तेच नाक वैरणीत खुपसलेलं असतं. ज्या घोड्याला या भुकटीची ॲलर्जी आहे, त्याच्या श्वासनलिका आकसतात, आत चिकट शेंबूड साचतो. हा घोड्याचा दमा.

ओळखायचा कसा? सकाळी घोडा थानावर शांत उभा असताना त्याची कूस बघा. विश्रांतीत निरोगी घोडा मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो. दमेकरी घोड्याचा आकडा याच्या वर जातो, नाकपुड्या फुगलेल्या दिसतात, आणि श्वास सोडताना पोट दोनदा आवळतं. दुखणं जुनं झालं की बरगड्यांच्या मागे कुशीवर एक तिरकी रेघ उमटते. ढास लागते ती वैरण खाताना किंवा फेरीला काढल्या काढल्या. ताप नसतो, भूक शाबूत असते. ताप असेल, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत असेल, जबड्याखाली गाठ आली असेल तर तो संसर्ग समजा. घोडा लगेच वेगळा बांधा आणि पशुवैद्यकांना बोलवा. घोड्यांचा ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, म्हणून बाजारातून आणलेलं जनावर पहिले दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावं आणि त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा असावा.

दम्याच्या घोड्याला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की उतार पडतो, मालक निश्चिंत होतो, आणि पुन्हा तीच पेंढी पुढ्यात पडते. मग पुन्हा इंजेक्शन. हे चक्र मला फार खटकतं. स्टिरॉइडने काही घोड्यांचे खूर धरतात, म्हणजे खुरांना आतून सूज येते, आणि घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. औषध लागेल तेव्हा पशुवैद्यक देतीलच, त्याआधी वैरण सुधारा.

कुबट पेंढी घोड्याला घालूच नका, ती थेट खताच्या खड्ड्यात. भिजवून ती खाण्याजोगी होत नाही. चांगला कडबाही कुट्टी करून अर्धा तास पाण्यात बुडवा, निथळू द्या आणि ओलाच घाला. आपल्याकडच्या उन्हात भिजलेली वैरण लवकर आंबते, तेव्हा एका वेळेपुरतीच भिजवावी. उरलेलं पाणी ओतून द्यावं. हिरवा लसूण घास, मारवेल मिळत असेल तर कडब्याचा वाटा कमी करा, पण हळूहळू, आठ-दहा दिवसांत. एकदम बदल केला तर पोटशूळ उठतो. हरभरा, जव, कोंडा अशी चंदी थोडं पाणी शिंपडून घाला. सोयाबीनचं भुसकट यंदाचं, ताजं असलं तरी त्यात धूळ फार, दमेकरी घोड्याला ते नकोच. कुट्टीचं यंत्र आणि गंज तबेल्यापासून लांब हवी. घोडा आत असताना झाडू मारू नका. खाली जुनं पाचट अंथरायची सवय असेल तर तीही सोडा. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मध्येच एक दिवस कुबट कडबा पडला की केलेलं सगळं वाया जातं.

अंगावर अचानक गांधी उठल्या तर आठवून बघा, गेल्या दोन दिवसांत नवीन काय दिलं: नवं पोतं, एखादं इंजेक्शन, गोमाशीचा फवारा? एका वेळी एकच गोष्ट बंद करा, नाहीतर दोष कशाचा ते कळणार नाही. आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून घासून केस गेले असतील तर चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असू शकते. चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला येतात, त्या वेळी घोडा पाणथळ जागेजवळ बांधू नका.

दोन गोष्टी ॲलर्जीत मोडत नाहीत, पण जिवावर बेततात. कोंबडीचं किंवा गाईचं खाद्य घोड्याला घालू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं, आणि थोड्या मोनेन्सिननेही घोड्याचं हृदय बंद पडतं. बुरशी लागलेल्या मक्याचा भरडाही नको, त्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं.

आता तुमच्याबद्दल. तीच भुकटी गंज फोडणाऱ्याच्या छातीतही जाते. दुपारी कडबा उपसला आणि चार ते आठ तासांनी हुडहुडी, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप लागली, असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कडब्याचं काम आवर्जून सांगा, नाहीतर फ्लू समजून गोळ्या चालू राहतात. पेंढ्यांवर पाणी शिंपडा, चांगला मास्क लावा, नुसतं उपरणं पुरत नाही. काहींना खरारा करताना घोड्याच्या कोंड्याने शिंका येतात, डोळे चुरचुरतात. त्यांनी खरारा उघड्यावर करावा, आणि ते कपडे घरात नेऊ नयेत. बांधावरचं गवत कापताना गाजर गवत वेगळं काढा, तेही हातमोजे घालून.

ज्याला घोड्याची ॲलर्जी आहे त्याने हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावरची लस आपल्याकडे घोड्याच्या रक्तापासून बनते. सर्पदंश झाला तर ती नाकारायची नाही, तीच जीव वाचवते. दवाखान्यात पोचताच ‘याला घोड्याची ॲलर्जी आहे’ एवढं सांगा, म्हणजे डॉक्टर ॲड्रेनालिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, हाताशी ठेवून लस सुरू करतील. जनावरासाठी घरपोच पशुवैद्यकीय मदत हवी असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.