टोकियोत नवीन आलात? खरेदीची घाई करू नका

टोकियोतल्या निशिकासाईत नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्या दोन-तीन वीकएंडला काय होतं ते मी आता कितीतरी घरांत बघितलंय, डॉन किहोते या दुकानाच्या पिवळ्या पिशव्या यायला लागतात. फेस मास्कचे गठ्ठे, क्रीमच्या डब्या, दहा प्रकारचे पेन, देशात वाटायला चॉकलेटं, आणि घर तर अजून नीट लागलेलंही नसतं. यात कुणाची चूक नाही, आपण यायच्या आधी जे व्हिडिओ बघतो ते सगळे टूरिस्ट लोकांनी केलेले असतात आणि त्यांना पाच दिवसांत सगळं उरकायचं असतं. तुम्हाला नाहीये. तुम्ही राहायला आलाय, ते दुकान पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे आणि तुम्हीही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की पहिले दोन महिने जे रोज लागतं तेवढंच घ्या, बाकी नुसतं फिरा आणि बघा.

टॅक्स-फ्रीचं आधी क्लिअर करते कारण सगळ्यात जास्त हेच विचारतात. तुमच्याकडे रेसिडेन्स कार्ड आहे म्हणजे टॅक्स-फ्री तुम्हाला लागू नाही, ते थोड्या दिवसांसाठी व्हिजिटर म्हणून आलेल्यांसाठी असतं. तुम्हाला १० टक्के कन्झम्प्शन टॅक्स भरायचाच आहे, खाण्याच्या वस्तूंवर ८. दायसो या शंभर येनच्या दुकानातली १०० येनची वस्तू ११० ला पडते ती यामुळेच. दुकानात बऱ्याचदा मोठ्या अक्षरात टॅक्सशिवायची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरात टॅक्ससकट, तर ती बारीक वाचायची सवय लावून घ्या. आई-बाबा किंवा सासू-सासरे फिरायला आले की त्यांच्या पासपोर्टवर टॅक्स-फ्री मिळतं, एका दुकानात एका दिवशी टॅक्स सोडून किमान ५,००० येनची खरेदी व्हायला हवी. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत अशी की दुकानात टॅक्ससकट पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना वस्तू दाखवून परतावा घ्यायचा. आणि एक कळकळीने सांगते, त्यांच्या पासपोर्टवर स्वतःच्या घरासाठी काही घेऊ नका. ती सूट वस्तू देशाबाहेर जाणार म्हणून दिलेली असते. इथे राहायचं तर असल्या गोष्टीत सरळ राहिलेलं बरं, व्हिसा रिन्यू करायचाय आपल्याला.

आता ड्रगस्टोअर. स्टेशनजवळ दोन-तीन तरी असतातच आणि आत गेलं की डोळे दिपतात, सगळं जपानीत, सगळं गुलाबी नाहीतर पांढरं. सुरुवात बाथरूमपासून करा. शॅम्पू आणि कंडिशनरच्या बाटल्या अगदी सारख्या दिसतात, पण शॅम्पूच्या बाटलीच्या कडेला आणि बहुतेक वेळा पंपाच्या डोक्यावरही बारीक बारीक उंच रेघा असतात, बोटाने चाचपून बघा. काओ कंपनीने १९९१ मध्ये हे सुरू केलं, ज्यांना दिसत नाही त्यांना आणि डोळे मिटून केस धुणाऱ्या सगळ्यांनाच कळावं म्हणून, आणि मग बाकी कंपन्यांनीही तेच उचललं. कंडिशनरला त्या रेघा नसतात. मला ही गोष्ट फार आवडते, जपानी वस्तूंवर आपला जीव का जडतो ते त्या रेघांवरून बोट फिरवलं की कळतं. बाटली एकदा घेतली की पुढे रिफिलचं पाऊच घ्यायचं, त्सुमेकाए म्हणतात, स्वस्त पडतं आणि कचराही कमी. फक्त पहिल्यांदाच पाऊच उचलून आणू नका, ओतायला बाटली नसते घरी.

चेहऱ्याचं म्हणाल तर इथे लोशन लिहिलेलं असतं ते आपल्या बॉडी लोशनसारखं घट्ट नसतं, पाण्यासारखं पातळ असतं. ते आधी लावायचं, हाताने हलकं थापायचं, मग त्यावर न्युएकी म्हणजे दुधासारखं पातळ क्रीम. दोन्हीत साप्पारी आणि शित्तोरी असे प्रकार येतात, साप्पारी तेलकट त्वचेला किंवा उन्हाळ्यात, शित्तोरी कोरड्या त्वचेला. पुणे-मुंबईहून आलेल्यांना डिसेंबर ते फेब्रुवारीचा इथला कोरडेपणा झेपत नाही, ओठ फुटतात, पायाला भेगा पडतात, तेव्हा नोव्हेंबरपासूनच शित्तोरीवर या आणि हादा लाबो ब्रँडसारखं साधं, बिनवासाचं काहीतरी घ्या. महागडं घ्यायची गरज नाही, खरंच नाही. सनस्क्रीन मात्र इथलं मनापासून रेकमेंड करीन, हलकं असतं, बऱ्याच प्रकारांनी पांढरे थर उठत नाहीत. एसपीएफ ५० प्लस आणि पीए (यूव्हीए किरणांपासूनच्या बचावाचं माप) चार प्लसपर्यंत मिळतं, रोज ऑफिस-घर करायला त्याहून कमीही चालतं.

फाउंडेशनच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवा. ड्रगस्टोअरमधली सगळ्यात गडद शेडसुद्धा आपल्यातल्या कित्येकींना फिकी पडते. गिन्झा-शिंजुकूच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये परदेशी ब्रँडचे काउंटर असतात तिथे लावून बघा, बाहेर उजेडात जाऊन आरसा बघा, मगच घ्या. काजळ आणि टिकल्या देशातूनच आणा.

शाकाहारी घरांसाठी महत्त्वाचं, कारण हे कुणी सांगतच नाही. बायू म्हणून एक क्रीम सगळीकडे मिळतं, छोट्या गोल डबीत, खूप पॉप्युलर, ते घोड्याच्या चरबीचं तेल असतं. कोलाजेन लिहिलंय ते साधारण माशाचं नाहीतर डुकराचं, आणि प्लासेंटा म्हणजे प्राण्याची वार, ते तर नावातच आलं. स्वतः वापरायचं की नाही तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण गावी देवघरात रोज पूजा करणाऱ्या आजीला न सांगता ते देणं बरोबर नाही. फोनचा ट्रान्सलेट कॅमेरा मागच्या बाजूच्या घटकांवर धरा, दोन मिनिटांचं काम आहे.

बिहाकू म्हणजे गोरेपणाची क्रीमं, देशातून मागणी हमखास येते. माझं मत स्पष्ट आहे, भाचीला-पुतणीला ही भेट देऊ नका. एक तर त्या वयात आपल्या माणसाने गोरं व्हायचं क्रीम हातात दिलं की ते मनात राहतं. आणि दुसरं, इथेही २०१३ मध्ये रोडोडेनॉल नावाचा घटक असलेली क्रीमं बाजारातून परत घ्यावी लागली होती, लावणाऱ्यांच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते. डागांसाठी काही हवंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवून घ्यावं.

तुम्ही प्रेमाने पाठवलेल्या क्रीमवर हमखास व्हिडिओ कॉल येणार, "अगं याच्यावर एक्सपायरी डेटच नाहीये, जुना माल दिला की काय तुला?" घाबरू नका. जपानी कायद्याप्रमाणे न उघडता तीन वर्षांपेक्षा जास्त टिकणाऱ्या कॉस्मेटिकवर तारीख छापायची सक्ती नाही. देताना डबीवर स्केच पेनने खरेदीचा महिना लिहून टाका आणि उघडल्यावर लवकर संपवायला सांगा.

आता पुस्तकं, आणि इथे मी जरा रेंगाळणार. जिंबोचो ही जुन्या पुस्तकांची अख्खी पेठ आहे, शंभराहून जास्त दुकानं. निशिकासाईहून तोझाई लाईनने सरळ कुदानशिताला उतरा आणि चालत जा, दहा मिनिटं पण लागत नाहीत. यासुकुनी-दोरी रस्त्याने चालताना एक गोष्ट लक्षात येईल, जुनी दुकानं बहुतेक सगळी रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहेत म्हणजे तोंड उत्तरेला, ऊन थेट पुस्तकांवर पडून कागद पिवळा पडू नये म्हणून. दुकानाबाहेरच्या फळ्यांवर शंभर-दोनशे येनची पुस्तकं, आत जाल तसं महाग, आणि गल्ल्याशेजारी काचेच्या कपाटात ज्याला हात लावायला आधी विचारायचं ते. जपानी येत नसेल तरी जा. किताझावा शोतेन नावाच्या दुकानात जुनी इंग्रजी पुस्तकं आहेत, त्याच इमारतीत खाली लहान मुलांच्या पुस्तकांचं दुकान आहे. ओया शोबोमध्ये १८८२ पासून जुनी चित्रं, नकाशे, लाकडी ठशांचे प्रिंट विकतात. ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जुन्या पुस्तकांचा उत्सव भरतो तेव्हा फुटपाथवर कपाटंच्या कपाटं येतात, अप्पा बळवंत चौकात वाढलेल्या माणसाला त्या दिवशी घरी जावंसं वाटत नाही.

नवीन पुस्तकांवर डिस्काउंट शोधत बसू नका, प्रकाशकाने ठरवलेली किंमतच सगळीकडे असते, मोठ्या दुकानातही आणि गल्लीतल्याही. कव्हर घालू का असं विचारतात तेव्हा हो म्हणा, कागदाचं कव्हर फुकट घालून देतात, घड्या इतक्या नेमक्या की टेप लागत नाही. नवीन इंग्रजी पुस्तकांसाठी शिंजुकूच्या ताकाशिमाया टाइम्स स्क्वेअरमधलं किनोकुनिया आहे, पण महाग पडतं. सेकंडहँडला बुक-ऑफ. आणि या सगळ्याआधी वॉर्डच्या लायब्ररीचं कार्ड काढा, फुकट आहे, रेसिडेन्स कार्ड दाखवलं की झालं.

भाषा शिकणाऱ्यांनी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं घ्यावीत, नुसती हिरागाना असते आणि वाक्यं खरी बोलण्यातली. तोत्तोचान तर आपल्याकडे मराठीतून किती घरांत पोचलंय, त्याचं छोटं बुन्को, म्हणजे हातात मावणारं पेपरबॅक, इथे कुठेही मिळतं. त्यातली चित्रं इवासाकी चिहिरो यांची. नेरिमा वॉर्डात त्यांच्या राहत्या जागी म्युझियम आहे, कामि-इगुसा स्टेशनवरून चालत, तिथल्या दुकानातली पोस्टकार्डं देशात पाठवायला इतकी छान आहेत की मी भेट म्हणून दुसरं काही शोधतच नाही आता. वजन नाही, फुटत नाही, आणि घेणाऱ्याला कळतं की आपण विचार करून आणलंय.

पुस्तकं घरात ठेवायचं इथलं शास्त्र वेगळं आहे. भूकंपाचा देश आहे, डोक्याशी पुस्तकांचं शेल्फ ठेवायचं नाही म्हणजे नाही, जड पुस्तकं खालच्या फळीवर आणि शेल्फ छताला टेकू लावून घट्ट करायचं, त्याचे दांडे होमसेंटरमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. जून-जुलैच्या पावसात भिंतीच्या कपाटात बुरशी येते, तेव्हा ओलावा शोषणारे डबे आत ठेवा आणि पुस्तकं भिंतीला चिकटवू नका.

बारीकसारीक वस्तूंसाठी माझी आवडती जागा म्हणजे युराकुचोला इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी, जायच्या आधी तारीख मात्र बघून घ्या. तिथे मामेझारा मिळतात, तळहाताएवढ्या चिनीमातीच्या ताटल्या, चटणी-लोणच्याला अगदी मापात. चार सारख्या शोधू नका, चार वेगवेगळ्या घ्या, निळ्या नक्षीवर ब्रशचा फराटा कुठे जाड झालाय कुठे थांबलाय ते बघत बसावं. उलटी करून बूड बघा, कडेवर नख फिरवा, टवका असला तर लागतो. घासाघीस जोरात करायची नाही, दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन हसून विचारलं तर विकणारे थोडं कमी करतात, नाही म्हणाले तर तिथेच सोडायचं.

तेनुगुई म्हणजे साधारण फूटभर रुंदीचा सुती पंचा घ्या, त्याच्या कडा शिवलेल्या नसतात म्हणून लवकर वाळतो, सुरुवातीला धागे सुटतात ते कापायचे, नंतर आपोआप थांबतात. शाळेतल्या मुलांना कुरुतोगा पेन्सिल, लिहिताना आतलं शिसं फिरत राहतं आणि टोक बारीकच राहतं. स्टेशनरी मनसोक्त बघायची तर गिन्झाचं इतोया, १९०४ पासूनचं दुकान आहे. रोजच्या वह्या मात्र दायसोतूनच आणा.

देशात पाठवताना परफ्यूम, नेलपॉलिश आणि स्प्रे इंटरनॅशनल पोस्टाने जात नाहीत, पार्सल परत येतं, म्हणून ते कुणी जाणारं असेल तर त्यांच्या चेक-इन बॅगेतच. हातातल्या बॅगेत १०० एमएलच्या वरची कुठलीही बाटली नको, अर्धी भरलेली असली तरी बाटलीवरचा आकडाच बघतात. बॅग भरताना पुस्तकं तळाशी चाकांच्या बाजूला, ताटल्या तेनुगुईत गुंडाळून मधे कपड्यांत, बाटल्यांची झाकणं टेप लावून झिपच्या पिशवीत. बिलं जपून एका पाकिटात ठेवा, कस्टमवाल्याने किंमत विचारली तर दाखवता येतात.